कपाटाची बॅक सारखी निघतेय? हातोडी ठेवा, आधी कर्ण मोजा

ऑनलाइन मागवून घरी जोडलेलं कपाट असो, बुकशेल्फ असो, शू-रॅक नाहीतर टीव्ही युनिट, तक्रार फिरून फिरून एकच, मागचं पातळ बोर्ड सुटतं. आधी एका कोपऱ्यात बोटभर फट दिसते, मग मधे फुगवटा येतो, मग एक दिवस कपड्यांची चळत जरा जोरात आत ढकलली की बॅक टर्रकन खिळ्यांतून निघते आणि इस्त्री केलेला शर्ट कपाट आणि भिंत यांच्या मधे जाऊन पडतो. मग हातोडी शोधायची, तेच खिळे त्याच भोकांत परत ठोकायचे, दोन-तीन महिने सगळं ठीक, आणि गणपतीच्या आसपास परत तीच फट. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं तर अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपून घर बदललं की हा कार्यक्रम ठरलेलाच.

आधीच सांगून टाकतो, खिळे वाढवून हे थांबत नाही, जाड खिळे मारून तर अजिबात नाही. बॅक निघते ती बहुतेक वेळा कपाट वाकडं झालंय म्हणून निघते, आणि वाकड्या कपाटाला तुम्ही कितीही ठोका, ते स्वतःच्या वजनाने रोज थोडं थोडं सरकत राहतं आणि खिळे उपटत राहतं.

लोकांना वाटतं मागचं बोर्ड धूळ येऊ नये म्हणून आणि भिंत दिसू नये म्हणून लावलंय, त्यामुळे जोडणारा पण ते सगळ्यात शेवटी, दमल्यावर, कसंबसं लावतो. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. बाजूच्या दोन फळ्या, वरची एक, खालची एक, कोपऱ्यांत मिनिफिक्स (स्क्रूड्रायव्हरने फिरवून आवळायचे धातूचे जोड) आणि लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या, एवढ्यावर चौकट उभी राहते, पण वरच्या कोपऱ्याला बाजूने हात लावून ढकललं तर झुकते. कुरिअरचं खोकं वरखाली दोन्हीकडून उघडलं की कसं दाबल्यावर चपटं होतं, तसंच. त्या चौकटीच्या मागे एक सलग बोर्ड चारी कडांना पक्कं बसलं की मग ती झुकूच शकत नाही, कारण झुकायचं म्हणजे चौकोनाचा तिरपा चौकोन व्हायला पाहिजे आणि बोर्ड तसं ताणलं जात नाही. अगदी ३ एमएमचं का असेना, त्याला त्याच्या पातळीत ताणणं अवघड आहे. म्हणजे कपाट सरळ ठेवण्याची अर्धीअधिक जबाबदारी त्या सगळ्यात स्वस्त तुकड्यावर असते आणि तो तुकडा धरलेला असतो पाऊण इंची बारीक खिळ्यांवर, ते पण पार्टिकल बोर्डाच्या कडेत, जिथे आत नुसता दाबलेला भुसा आहे. खिळा एकदा हलला की भोक मोठं होतं आणि त्यात परत ठोकलेला खिळा फक्त दिसायला असतो.

मग आधी काय बघायचं. मेझरिंग टेप घ्या आणि कपाटाचे दोन कर्ण मोजा, डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा, आणि उलट. समोरून मोजलं तरी चालतं, दारं उघडी ठेवून. ८० सेंमी रुंद आणि १८० सेंमी उंच बुकशेल्फ असेल तर दोन्ही कर्ण साधारण १९७ सेंमी यायला पाहिजेत. वरचा भाग फक्त १ सेंमी बाजूला सरकला तर दोन कर्णांत जवळपास ८ एमएमचा फरक पडतो, म्हणजे डोळ्याला काही दिसत नाही पण टेपवर लगेच कळतं. २-३ एमएमचा फरक असेल तर सोडून द्या, त्याच्या वर गेला तर तुमचं दुखणं खिळ्यांचं नाहीये.

दारं असलेल्या कपाटाचं अजून एक लक्षण आहे, टेपशिवाय कळणारं. एक दार दुसऱ्यापेक्षा खाली आल्यासारखं वाटतं. इथे सगळे जण बिजागऱ्या फिरवायला बसतात. बिजागरीला स्क्रू असतात, ते फिरवले की दार हलतं, म्हणून समाधान पण होतं. पण कपाट वाकडं असताना बिजागरी ॲडजस्ट करून तुम्ही दार वाकड्या चौकटीला जुळवून घेता, नंतर चौकट सरळ केलीत की दारं परत विचित्र दिसणार आणि सगळं उलटं फिरवावं लागणार. म्हणून बिजागऱ्यांना शेवटी हात लावायचा. बरेचदा लावावाच लागत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तीन दारी कपाट आहे, त्याची बॅक दर पावसाळ्यात एकाच बाजूने निघायची, डावीकडून. त्यांनी एकाला बोलवून खिळे मारून घेतले होते, एकाकडून बिजागऱ्या नीट करून घेतल्या होत्या. मी नुसतं खाली वाकून टॉर्च मारला तर पुढच्या डाव्या पायाखाली काहीतरी लाल-सोनेरी दिसलं. “काकू, हे पायाखाली काय ठेवलंय?” “अरे ती पत्रिका, भाच्याच्या लग्नातली. चांगला जाड कागद होता, कपाट डुगडुगायचं म्हणून घडी करून घातली.” पत्रिका घातली तेव्हा उंची बरोबर असणार, पण रोज फरशी पुसताना तिने पाणी प्यायलंय, वरून कपाटाचं वजन, आता तिचा पापड झालेला. कपाट पुढे डावीकडे कललेलं, आणि त्या ओढीने मागची डावी कड खिळ्यांतून निघत होती. पत्रिका काढली, हार्डवेअरवाल्याकडून प्लास्टिकची पाचर आणून घातली, मग बॅककडे वळलो. आधी बॅक केली असती तर पुढच्या वर्षी परत बोलावणं आलं असतं.

पायाखाली कागद, पुठ्ठा, रबराचा तुकडा काही नको. प्लास्टिकच्या पाचरी मिळतात, नाहीतर सनमायकाचे छोटे तुकडे एकावर एक ठेवा, ते दबत नाहीत आणि पाण्याने काही होत नाही, प्लायच्या दुकानात सँपलचे तुकडे मागितले तर असेच देतात. लेव्हल बघायला मोबाइलमधलं ॲप कामचलाऊ आहे, छोटी स्पिरिट लेव्हल असेल तर उत्तम. बाल्कनीच्या आणि बाथरूमच्या दाराजवळ फरशीला उतार ठेवलेला असतो हे लक्षात असू द्या, बेडरूममधलं कपाट नेमकं बाथरूमच्या भिंतीला लागून असतं त्यामुळे एक पाय हमखास त्या उतारावर येतो.

स्कर्टिंगचं पण बघा. भिंतीच्या बुडाला टाइलची पट्टी असते ती भिंतीच्या थोडी पुढे आलेली असते, कपाटाचं बूड तिला टेकतं आणि वर भिंतीपाशी फट राहते. ती फट बघवत नाही म्हणून लोक वरून ढकलतात. कपाट मागे कलतं, आतलं सगळं सामान बॅकवर रेलतं. ती फट राहू द्या, तशी पण हवा खेळायला हवीच आहे.

आता ओल. आमच्याकडे पुण्यात पाऊस जून ते सप्टेंबर, आणि वारा पश्चिम-नैऋत्येकडून, त्यामुळे बिल्डिंगच्या त्या बाजूच्या भिंती चार महिने मार खातात. बाहेरची भिंत असेल, वर टेरेस असेल किंवा मागे बाथरूम असेल आणि कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागचं बोर्ड ओल पितं. ही बोर्डं लाकडाच्या तंतूंची असतात, दमट हवेत थोडी वाढतात, मीटरभर रुंदीला एखाद-दोन एमएम. चारी बाजूंनी खिळ्यांत अडकलेल्या बोर्डाला वाढायला जागाच नाही म्हणून ते मधे फुगतं, आणि फुगताना कडेचे खिळे ओढतं. उन्हाळ्यात ते परत आकसतं पण खिळे ढिले झालेले असतात. असं दोन-तीन वर्षं झालं की मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला काही कळेनासं होतं. बॅकच्या मागे हात घालून बघा, बोर्ड गार लागतंय का, काळे-हिरवे ठिपके आलेत का, कुबट वास येतोय का. येत असेल तर आधी भिंतीचा बंदोबस्त, नाहीतर कपाट दुसऱ्या भिंतीला. ओल्या भिंतीपुढे कितीही भारी प्लाय लावलं तरी आतल्या साड्यांना बुरशी येणारच. आणि मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर ती वाळवी आहे, तिथे हे पोस्ट बंद करा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा.

रुंद कपाटांत अजून एक गोची असते. खोक्यात मावावं म्हणून बॅक दोन तुकड्यांत देतात, एकतर मधे टेपने जोडलेली घडी, नाहीतर प्लास्टिकची एक लांब पट्टी ज्यात दोन्हीकडून बोर्ड सरकवायचं. तो सांधा उभ्या फळीवर आला तर काही प्रश्न नाही, पण कित्येक डिझाइनमधे तो अधांतरी असतो, मागे कसलाच आधार नाही. दाबलं की तिथेच दुमडतं. आणि अर्ध्या-अर्ध्या दोन तुकड्यांची मिळून ताकद एका सलग बोर्डाएवढी होत नाही, कारण सांध्यावर ते एकमेकांवरून सरकू शकतात. याचा इलाज खाली येतोच.

कारण सापडलं की मग दुरुस्ती. यासाठी कपाट पूर्ण रिकामं करायचं, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, वरच्या कप्प्यातल्या रजया पण. दारांना पॅकिंग टेप लावून टाका नाहीतर आडवं करताना उघडतात आणि बिजागरी फाटते. जमिनीवर गादी किंवा दोन जाड चादरी टाकून दोघांनी मिळून कपाट तोंडावर झोपवायचं, म्हणजे बॅक वर येते. ओढत न्यायचं नाही, उचलूनच. शिफ्टिंगवाली मुलं कपाट एका खालच्या कडेवर तिरकं करून ओढतात ना, निम्मी कपाटं तिथेच वाकडी होतात.

जुने खिळे पकडीने काढा. बॅक काढली की मागे कोपऱ्यांत मिनिफिक्स दिसतील, सगळे परत टाइट करा, बरेच अर्ध्यावर असतात. एखादा फिरतच राहतो आणि धरत नाही, म्हणजे आतलं भोक फुटलंय. त्यात फेविकॉल भरा, लाकडी टूथपिक नाहीतर काडेपेटीच्या काड्या ठासून बसवा, रात्रभर सुकू द्या आणि मग बारीक ड्रिल मारून परत स्क्रू लावा. जास्त फुटलं असेल तर ८ एमएमचं भोक करून त्यात फेविकॉल लावलेला लाकडी डॉवेल ठोकायचा आणि त्या डॉवेलमधे स्क्रू, हा जास्त टिकतो.

आता कर्ण. परत मोजा. जो कर्ण लांब आहे त्याचे दोन कोपरे दोघांनी समोरासमोर धरून आत दाबायचे, हळूहळू, कपाट आपोआप काटकोनात येतं. सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) असेल तर कोपऱ्यात लावून बघा पण मोठ्या कपाटाला गुण्यापेक्षा टेपच खरी. एकटे असाल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधून मधे एक लाकडी चमचा घालून पीळ द्या, दोरी आवळते तसा तो कर्ण कमी होतो. दोन्ही सारखे आले की तिथेच थांबा आणि दोरी तशीच राहू द्या. या कामात सगळा जीव या एका पायरीत आहे, इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

बॅक जुनीच वापरायची की नवीन? बोर्ड सरळ असेल, कडा फुटलेल्या नसतील आणि सलग एक तुकडा असेल तर जुनीच वापरा, ३ एमएम पुरतं. फुगलं असेल किंवा दोन तुकड्यांत असेल तर मी सरळ ६ एमएमचं प्लाय सांगेन, सुतार त्याला दोन सूत म्हणतात. जाडी दुप्पट केली की वाकायला होणारा विरोध साधारण आठपट होतो, त्यामुळे मधे पोट येण्याचा विषयच संपतो. कोरड्या भिंतीसाठी साधं एमआर ग्रेडचं, म्हणजे थोडीफार ओल सोसणारं, प्लाय चालतं, शिक्का आयएस ३०३ चा बघून घ्या, बाथरूमच्या भिंतीला असेल तर आयएस ७१० वालं वॉटरप्रूफ घ्या आणि मागच्या बाजूला एक हात प्रायमर मारा. ९ किंवा १२ एमएम लावायचा मोह होतो, नको, वजन वाढतं, कपाट भिंतीपासून अजून पुढे येतं आणि बाकीचं कपाट त्या लायकीचं नसतं.

प्लाय ८ बाय ४ फुटांच्या शीटमधे येतं, तुम्हाला तेवढं लागणार नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलात तर कटपीस मिळायची शक्यता जास्त, आणि तिथेच मापाने कापून घ्या, घरी हातकरवतीने सरळ कापणं म्हणजे शिक्षा. माप कपाटाच्या बाहेरच्या मापापेक्षा चारी बाजूंनी १-२ एमएम कमी द्या, बोर्डाला वाढायला जागा राहते आणि कड बाजूने दिसत पण नाही. स्क्रू, वॉशर, एल-पट्ट्या (एल आकाराच्या धातूच्या पट्ट्या) बोहरी आळीत एका फेरीत होतात, फक्त दुपारी गाडी घेऊन जाऊ नका, लक्ष्मी रोडवर लावा आणि चालत जा. लांब पडत असेल तर तुमच्या एरियातला प्लायवाला पण देतो, थोडा महाग.

स्क्रूचं नीट ऐका कारण इथे नवीन बॅकची वाट लागते. जिप्समचे काळे स्क्रू सगळीकडे मिळतात, सुतार पण तेच देतो, पण त्यांचं डोकं खाली निमुळतं असतं, पातळ बोर्डात ते रुतत जातं आणि आरपार निघतं, शिवाय दमट जागी गंजतात. आपल्याला डोक्याचा बुडाचा भाग सपाट असलेले पाहिजेत, ३.५ बाय २५ एमएम, झिंक कोटिंगचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, आणि बॅक ३ एमएमची असेल तर प्रत्येकाखाली वॉशर. बाजूची फळी बहुतेक १६ किंवा १८ एमएमची असते, तिच्या कडेच्या बरोबर मधोमध स्क्रू जायला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या बाजूपासून ८-९ एमएम आत. पेन्सिलने चारी बाजूंना रेघ मारून घ्या. रेघेवर दर सहा इंचांवर खूण, कोपऱ्यापासून दीड-दोन इंच सोडून, जुन्या खिळ्यांची भोकं टाळून. प्रत्येक खुणेवर आधी २ एमएमच्या बिटने भोक पाडायचं, न पाडता स्क्रू घातला की भुश्शाचा बोर्ड कडेला फुगतो आणि चिरतो. शेवटचे दोन आटे ड्रिलने नको, हाताने. पार्टिकल बोर्डात एकदा स्क्रू जास्त फिरला की आतला भुसा मोकळा, मग तो कधीच धरत नाही.

कारखान्यातून आलेल्या बॅकला एक गंमत असते. आतल्या बाजूला पांढरा किंवा लाकडाचा छापलेला थर असतो आणि मागची बाजू कच्ची तपकिरी. बॅक लावताना फळीच्या कडेला टेकते ती नेमकी छापलेली बाजू, आणि त्याच्यावर फेविकॉल धरत नाही, सुकल्यावर नखाने अख्खी पट्टी सोलून निघते. म्हणून चिकटवणार असाल तर कडेची अर्धा-पाऊण इंच पट्टी पॉलिश पेपरने घासून छाप काढून टाका, फळीची मागची कड तशी पण बरेचदा कच्चीच असते, मग दोन्हीकडे फेविकॉल लागतो. एकदा चिकटवलं की बॅक परत निघणार नाही, हे लक्षात घेऊन ठरवा. स्वतःचं घर असेल तर चिकटवा, दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलत असाल तर नुसते स्क्रू, म्हणजे पुढच्या वेळी पूर्ण खोलून नेता येतं. खिळ्यांच्या मानाने स्क्रूचा हा मोठा फायदा आहे.

लावायचा क्रम असा की आधी वरची कड कपाटाच्या वरच्या कडेशी समांतर जुळवायची, वरच्या दोन कोपऱ्यांजवळ एकेक स्क्रू, मग परत कर्ण मोजायचे, मग खालचे दोन, परत मोजायचे, मग बाजू, आणि शेवटी मधल्या पक्क्या फळ्या. मधली फळी विसरायची नाही. बाहेरून ती कुठे आहे ते दिसत नाही म्हणून दोन्ही बाजूंना माप घेऊन रेघ मारून घ्या, नाहीतर स्क्रू हवेत जातो आणि आत टोक बाहेर येऊन कपड्याला लागतं. फक्त जी फळी पिनांवर नुसती ठेवलेली आहे तिला स्क्रू मारू नका, पक्क्या फळीलाच.

दोन तुकड्यांची बॅक तशीच ठेवायची असेल तर सांध्यावर मागून ६ एमएम प्लायची तीन इंच रुंद उभी पट्टी, वरपासून खालपर्यंत. मागची बाजू कच्ची असल्यामुळे फेविकॉल छान धरतो, दोन्ही तुकड्यांवर दीड-दीड इंच आली पाहिजे. सुकेपर्यंत वर जुने दिवाळी अंक, मिक्सर, जे जड सापडेल ते ठेवा. रात्रभर सुकू द्या. ही पट्टी वरच्या, खालच्या आणि मधल्या पक्क्या फळीत स्क्रूने पण धरा, मग तो सांधा सगळ्यात मजबूत जागा होतो.

आता ज्यांची बॅक खिळ्यांची नाहीच, खाचेत सरकवलेली आहे, त्यांचं. बाजूच्या फळ्यांना मागून अर्धा इंच आत एक खाच असते आणि बोर्ड वरून सरकवायचं असतं. हे निघतं तेव्हा दोष बोर्डाचा नसतो, बाजूच्या फळ्या मधोमध बाहेर फाकलेल्या असतात. वर-खाली मिनिफिक्स धरून ठेवतात पण मधल्या सगळ्या फळ्या पिनांवर, त्यामुळे मधे बाजूंना आत ओढून धरणारं कोणी नाही. वरची, मधली आणि खालची अशी तीन ठिकाणी आतली रुंदी मोजा, मधे २-३ एमएम जास्त आली की समजा हेच. इलाज म्हणजे मधली एक फळी पक्की करायची, खालून दोन्ही बाजूंना दोन-दोन छोट्या एल-पट्ट्या, १२ किंवा १५ एमएमचे स्क्रू, त्यापेक्षा लांब घेतले तर बाहेर निघतील. स्क्रू लावताना एकाने दोन्ही बाजूंनी फळ्या दाबून धरायच्या. मग बोर्ड खाचेत परत बसवा आणि मागून खाच आणि बोर्ड यांच्या कोपऱ्यात सिलिकॉनची एक रेघ ओढा. एम-सील नको, ते कडक होतं आणि बोर्ड हललं की तडकून पडतं, सिलिकॉन थोडं लवचिक राहतं आणि घर बदलताना कटरने कापता पण येतं.

घरमालक ड्रिल लावू देत नाही, कपाट एवढं मोठं की खोलीत आडवं करायला जागा नाही, असंही असतं. तेव्हा आतूनच जे होईल ते करायचं. कपाट रिकामं करून लेव्हल करा, कर्ण जमवा, आणि आतल्या चार कोपऱ्यांत, जिथे बाजूची फळी आणि वरची-खालची फळी भेटते, तिथे एल-पट्ट्या लावा. मोठ्या घ्या, दोन-अडीच इंचांच्या, झुकणं त्यांनी बरंच कमी होतं. पण बॅकचं काम त्या पूर्ण करत नाहीत, हे तात्पुरतं आहे, पुढच्या शिफ्टिंगला बॅक काढून नीट करून घ्या.

काम झालं, कपाट उभं केलं, की भिंतीला बांधायचं. हे बऱ्याच जणांना जास्तीचं वाटतं. आयकियाने २०१६ साली अमेरिकेत जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली होती, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांवर पडून जीव गेले होते. घरात रांगतं-चढतं मूल असेल तर यात चालढकल नको. भिंतीला बांधायची पट्टी कधीच पातळ बॅकला लावायची नाही, ओढ बसली की बॅक फाटून पट्टी हातात येते. वरच्या फळीला किंवा बाजूच्या फळीला लावा, किंवा बॅकच्या आत वरच्या कडेला एक इंच जाड लाकडी पट्टी दोन्ही बाजूच्या फळ्यांत अडकवून घ्या आणि तिच्यातून भिंतीत. भिंत कुठली ते आधी बघा. पेठांतल्या, कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या बिल्डिंगमधे विटांची भिंत असते, साधी गिट्टी (भिंतीतल्या भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रू छान बसतो. वाकड, हिंजवडी, वाघोलीकडच्या कित्येक नव्या टॉवरमधे मायवान पद्धतीच्या पूर्ण काँक्रीटच्या भिंती आहेत, तिथे हॅमर ड्रिल लागतं, साधं ड्रिल नुसतं तापतं. आणि पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी फिरून निघते, तिथे त्या ब्लॉकसाठीची वेगळी लांब गिट्टी मागून घ्या. ड्रिल मारताना आतून पिठासारखी पांढरी भुकटी आली तर ब्लॉक, लाल आली तर वीट. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या भिंतीत नळाच्या रेषेत भोक नको, एवढं सांभाळा.

एका कपाटावर मात्र वेळ घालवू नका. खालची कड बोटाने दाबून बघा, फरशी पुसताना पाणी लागून लागून ती फुगलेली असते, दाबल्यावर भुसा निघाला तर तिथे ना स्क्रू धरणार ना मिनिफिक्स, आणि फुगलेलं पार्टिकल बोर्ड वाळलं तरी परत मूळ जाडीवर येत नाही. फक्त खालची फळी गेली असेल तर तेवढी १८ एमएम प्लायची करून घ्या, दोन्ही बाजू खालून गेल्या असतील तर त्या कपाटाला नवीन बॅक म्हणजे पैसे पाण्यात. भंगारवाला पण ते न्यायला का-कू करतो. टाकायच्या आधी बिजागऱ्या, हँडल, कपडे टांगायचा रॉड आणि मिनिफिक्स काढून डब्यात ठेवा, आणि आधी कधी ६ एमएमची बॅक लावली असेल तर ती पण खोलून भिंतीला उभी करून ठेवा, मापात कापून दुसऱ्या कपाटाला लागते.